ऑटोमॅटिकची मॅन्युअल केली आणि पिकअपच गेला

सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक बॉक्स) काढून पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स बसवला, गाडी एका सेल्फला चालू झाली, गिअर मस्त पडायला लागले, रिव्हर्सचा लाइटसुद्धा लागला, आणि मग कात्रज घाटात कळलं की गाडीत दमच उरलेला नाही. म्हणजे घरून निघताना एकदम खुशीत पळायची, आणि जुन्या बोगद्याच्या चढावर तिसऱ्यात ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी काटा खालीच येतोय, दुसरा टाकावा लागतोय, मागून टेम्पोवाला हॉर्न मारतोय. गाडी तासभर उभी केली की परत शहाण्यासारखी चालायची. जो येईल तो इंजिनात नाहीतर कॉम्प्युटरमध्ये डोकं घालत होता, आणि बिघाड होता तिसरीकडेच. हे असं कन्व्हर्जन करून बसलेल्या बाकीच्यांच्या कामाला येईल म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी म्हणजे होंडा सिटी झेडएक्स, २००६ ची, १.५ लिटर आय-डीएसआय इंजिन. ७७ बीएचपी आणि १२८ एनएम टॉर्क, तोही २७०० आरपीएमला येणारा. शहरात चालवायला फार गोड इंजिन, ॲव्हरेज पण झकास, पण ७७ म्हणजे मुळात काही उतू चाललेली ताकद नाही, त्यातली दहा कुठे गळली तर पायाला लगेच कळतं. या सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो, स्टार्ट क्लच (गाडी सुटताना इंजिनाची ताकद हळूहळू चाकांना जोडणारा) असतो, तो म्हातारा झाला की गाडी सुटताना थरथरते. माझी तशीच व्हायला लागली होती, आणि त्या वयाच्या गिअरबॉक्सचा त्यात काही दोष नाही, त्याने आपलं आयुष्य इमानदारीत काढलं. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर मात्र मॅन्युअलच टाकू असं ठरलं, कारण हीच गाडी कंपनीतून मॅन्युअलमध्येही यायची, म्हणजे कापाकापी, वेल्डिंग काही नाही, सगळं नटबोल्टवर बसतं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून सेट आणला. सेट म्हणजे नुसता गिअरबॉक्स नाही, यादी बरीच मोठी होते: फ्लायव्हील, क्लचप्लेट-प्रेशर प्लेट-रिलीज बेअरिंग (हे तीन नवेच घ्या, जुने घेऊन नंतर परत बॉक्स उतरवायचा म्हणजे शिक्षा), दोन्ही ॲक्सल, माउंटिंग, गिअर लिव्हर आणि त्याच्या केबल, क्लचचे दोन्ही सिलिंडर आणि पाइप, पेडलचं पूर्ण असेंब्ली, आणि मॅन्युअल गाडीचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), त्याच्या इमोबिलायझर (चावी ओळखणारं चोरीविरोधी कुलूप) आणि चावीसकट, नाहीतर गाडी चालूच होणार नाही. यादीतलं ते पेडल असेंब्ली लक्षात ठेवा.

कायद्याचं पण एकदा सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये मूळ उत्पादकाच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे फेरफार चालणार नाहीत असं म्हटलंय. तेव्हा हात घालायच्या आधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्याला कळवा, क्लेमच्या वेळी वाद घालण्यापेक्षा ते बरं.

आता पिकअप. पिकअप गेला म्हणजे नक्की काय गेलं हे आधी ठरवायचं. एक तर इंजिन ताकद बनवतच नाहीये, किंवा बनवतंय पण चाकापर्यंत पोचत नाहीये, किंवा पोचतेय पण मधेच कोणीतरी खातंय. यातलं कुठलं हे न ठरवता पार्ट बदलत सुटलं की खिसा रिकामा होतो आणि गाडी आहे तिथेच.

त्याच्याही आधी एक गोष्ट, सीव्हीटीवरून मॅन्युअलवर आलं की थोडा पिकअप कमी वाटणारच. सीव्हीटीत पाय दाबला की बॉक्स स्वतःच इंजिनाला वरच्या आरपीएमला नेऊन ठेवतो, तुम्ही काही करत नाही. मॅन्युअलमध्ये चौथ्यात पंधराशेवर पाय दाबून बसलात तर गाडी नुसती घुरघुर करणार. माझ्या बायकोचं पहिल्या दिवसापासून हेच म्हणणं होतं, "अरे गिअर उतरव ना, गाडीला का शिव्या देतोस." तिचं बरोबर होतं, पण अर्धंच, कारण सवयीचा प्रश्न असता तर गाडी थंड असतानाही तसाच वाटला असता. थंड असताना बरी आणि वीस-पंचवीस मिनिटांनी मेलेली, हे सवयीने होत नाही, आणि खरं तर सगळ्यात मोठा पुरावा हाच होता.

इंजिन ताकद बनवतंय का हे बघायला पहिली तपासणी फुकटची. बोनेट उघडा, इंजिन बंद, एकाला आत बसवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटलचा चाक पूर्ण फिरतो का ते डोळ्याने बघा. या गाडीत केबलवर चालणारा थ्रॉटल आहे, बॉक्स उतरवताना केबलचा ब्रॅकेट हलतो, ॲडजस्टमेंट सैल होते, आणि मग तुम्ही फळीपर्यंत पाय दाबता आणि थ्रॉटल मात्र पाऊणच उघडतो. पायाखालची जाड मॅट पण हेच करते, हसू नका, होतं असं.

दुसरी गोष्ट खास या इंजिनाची. आय-डीएसआयमध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे चार सिलिंडरला आठ प्लग आणि आठ कॉइल. यात गोची अशी की सिलिंडरची एक कॉइल मेली किंवा तिचा कनेक्टर नीट बसलेला नसला तरी दुसरा प्लग सिलिंडर पेटवत राहतो, त्यामुळे मिसिंग असं जाणवत नाही, थरथर नाही, फक्त दम कमी. आणि बॉक्स काढताना बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, वायरिंग सगळं बाजूला घेतलेलं असतं, मागच्या बाजूचे कनेक्टर हाताला येत नाहीत, तेव्हा कोणीतरी अर्धवट दाबून सोडण्याची शक्यता भरपूर. आठही चेक केले, सगळे बसलेले होते.

मग अर्थिंग. इथे खरंच एक घबाड सापडलं. बॅटरीच्या निगेटिव्हवरून बॉडीला आणि गिअरबॉक्सला अर्थ जातो, आणि जुना बॉक्स उतरवताना त्याची एक अर्थिंगची पट्टी बॉक्सलाच राहून त्याच्याबरोबर भंगारात गेली होती. तपासायची रीत सोपी आहे, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर ठीक, माझ्याकडे एकच्या वर दाखवत होतं. एवढ्या मोठ्या स्टार्टरचा करंट मग कुठून परत जातो, तर जिथून वाट मिळेल तिथून, ॲक्सिलरेटर केबल आणि गिअर केबलच्या तारेतून सुद्धा, आणि त्या तारा आतून गरम होऊन चिकटायला लागतात. जाड पट्टी टाकली, सेल्फ एकदम खणखणीत झाला, आणि घाटात? तेच. काटा खाली.

व्हॅक्युम गेज (इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते दाखवणारा मीटर) असेल तर लावून बघा, स्वस्त असतं आणि बरंच काही सांगतं. समुद्रसपाटीला आयडलवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) स्थिर काटा म्हणजे इंजिन निरोगी, पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे म्हणून इथे त्यातून दीड-दोन इंच वजा धरायचे. अडीच हजार आरपीएमला धरून ठेवल्यावर काटा हळूहळू पडत गेला तर सायलेन्सर नाहीतर कॅटलिटिक चोक झालाय असं समजायचं. माझा काटा दगडासारखा स्थिर. इथेच माझ्या मते इंजिनाला निर्दोष सोडायला हवं होतं.

पण नाही, इलेक्ट्रिशियन भाऊ ईसीएमवर अडून बसले होते. "साहेब, कुर्ल्याचा ईसीएम आहे, काय भरवसा, दुसरा टाकून बघू." म्हटलं भाऊ, टाकून बघू म्हणजे पैसे माझे आणि बघणार तुम्ही. तसा ईसीएमचा संशय अगदीच हवेतला नसतो. जुना ऑटोमॅटिकचा ईसीएम तसाच ठेवला तर तो गिअरबॉक्सचे सोलेनॉइड, पोझिशन स्विच, स्पीड सेन्सर यांची वाट बघत बसतो, ते सापडले नाहीत की लिम्प मोडमध्ये (इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करून ठेवतो) जातो, आणि बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत पार्क-न्यूट्रलमध्ये असताना इंजिनाला वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे ईसीएमला आपण कायम न्यूट्रलमध्येच आहोत असं वाटत राहिलं तर आरपीएम एका ठिकाणी जाऊन अडतो. काही इंजिनांत क्रँक सेन्सरची दातेरी चकती फ्लायव्हीलवरच असते, तिथे चुकीचं फ्लायव्हील आलं की टायमिंगचा सगळा गोंधळ. माझ्या इंजिनात ती टायमिंग चेनच्या बाजूला आहे, म्हणजे तो प्रश्नच नाही. आणि मुख्य म्हणजे माझ्या गाडीत सगळा मॅन्युअलचाच सेट, स्कॅनर लावला तर एकही कोड नाही, न्यूट्रलमध्ये आरपीएम लाल रेषेपर्यंत बिनतक्रार जातो. (स्कॅनरचं म्हणाल तर भारतात ओबीडी-२ (स्कॅनर जोडून बिघाडाचे कोड वाचायची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं २०१३ पासून, त्यामुळे या वयाच्या गाडीला ऑनलाइन मिळणारा ब्लूटूथ डोंगल कनेक्ट होईलच असं नाही, जुन्या होंडा वाचणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्यालाच गाठा.) शिवाय लिम्प मोड आला असता तर त्याचा कोडही सापडला असता हो.

मग क्लच. वास येत होता, जळका, आणि नवीन प्लेट म्हटल्यावर सगळ्यांनी तिच्यावरच बिल फाडलं. क्लच घसरतोय का हे रस्त्यावर कळतं: मोकळा रस्ता बघून चौथ्यात चाळीसला पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि स्पीड तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. मॅन्युअल गाडीत एका गिअरमध्ये आरपीएम आणि स्पीड यांचं गणित पक्कं बांधलेलं असतं, ते सुटलं म्हणजे क्लच सुटला. आणि माझ्या घाटात काय होत होतं, तर दोन्ही काटे हातात हात घालून बरोबरच खाली येत होते. म्हणजे क्लचने इंजिनाला घट्ट धरलंय, इंजिन जेवढं देतंय तेवढं सगळं पुढे जातंय. इंजिन ठीक, क्लच ठीक. उरलं काय, तर खाणारा.

तो सापडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर. तळघरात उतरायचा चांगला खडा रॅम्प आहे, संध्याकाळी ऑफिसवरून आलो, वर गेटपाशी वॉचमन कोणाच्या तरी पार्सलचं विचारायला आला म्हणून रॅम्पच्या तोंडाशीच थांबलो, न्यूट्रल केलं आणि पाय ब्रेकवरून काढून बोलत बसलो. बोलता बोलता ध्यानात आलं की हँडब्रेक ओढलेला नाही, पाय कशावरच नाही, आणि गाडी उतारावर शांतपणे उभी आहे. टनभर वजनाची गाडी त्या रॅम्पवर अशी उभी राहूच शकत नाही.

खाली नेऊन लावली आणि बाटलीतलं पाणी पुढच्या डिस्कवर शिंपडलं, चर्र करून वाफ. दुसऱ्या बाजूला, तिथेही तसंच. हे महत्त्वाचं आहे बघा. एकच चाक गरम असतं तर त्या चाकाचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) नाहीतर पिन अडकलीय म्हटलं असतं, पण दोन्ही पुढची सारखीच तापलीत म्हणजे दोघांना मिळून कोणीतरी एकच त्रास देतंय, आणि तो वर बसलाय, मास्टर सिलिंडरपाशी (पेडल दाबलं की चारही ब्रेकांना ऑइलचं प्रेशर देणारा) किंवा त्याच्या मागे.

पुढचं गाडी गरम असतानाच करायचं, थंड झाली की पुरावा गायब. पुढचा भाग जॅकवर घेतला, खाली स्टँड लावले (नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका), चाक हाताने फिरवलं तर जड, जेमतेम अर्धा फेरा. ब्लीड निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल केला, पिचकारी उडाली आणि चाक मोकळं. म्हणजे ओळीत प्रेशर अडकून राहतंय. निपल बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबले, चाक परत जड. आता मास्टर सिलिंडर बूस्टरला (पायाचा जोर व्हॅक्युमने वाढवणारा डबा) ज्या दोन नटांनी धरलेला असतो ते काही फेरे सैल केले, सिलिंडर दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकला, आणि चाक आपोआप सुटलं. ही चाचणी फार सुंदर आहे. नट सैल करून चाक सुटलं तर मास्टर सिलिंडर बरा आहे, त्याला मागून कोणीतरी ढकलून धरलंय. सुटलं नसतं तर मग मास्टर किंवा रबरी होज बघायचे.

ढकलत कोण होतं, तर ब्रेकचं पेडलच. ऑटोमॅटिकचं ब्रेक पेडल रुंद असतं, मॅन्युअलचं अरुंद, म्हणून आख्खं पेडल असेंब्ली बदललं जातं, आणि त्यात बूस्टरमध्ये जाणारा रॉड आणि ब्रेकलाइटचा स्विच दोन्हीची ॲडजस्टमेंट बिघडते. बसवणाऱ्याने ब्रेक पेडल क्लचच्या पेडलाच्या बरोबरीला यावं म्हणून रॉड लांब केला होता, आणि वर तो स्विच पार आतपर्यंत फिरवून ठेवला होता. पेडल वर येऊन स्विचला टेकतं, पुढे जायला जागा नाही, मग रॉड उलट्या बाजूला, बूस्टरच्या आत दाबला जातो. पाय काढला तरी ब्रेक किंचित दाबलेलाच. आणि ब्रेकलाइट मात्र पेटत नाही, कारण स्विचचं बटण तर पूर्ण दाबलेलं आहे, त्याच्या हिशोबाने पेडल सुटलेलं आहे. म्हणून कोणाला शंकाच आली नाही. उलट गाडी ताब्यात घेताना सगळे म्हणत होते, ब्रेक काय टाइट झालाय, टच केला की लागतो!

आता गरम झाल्यावरच का धरायचं ते. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं, कॉम्पेन्सेटिंग पोर्ट म्हणतात त्याला. पेडल पूर्ण सुटलं की ते उघडतं आणि तापून फुगलेलं ब्रेक ऑइल वरच्या डबीत परत जातं. पेडल एखाद-दोन मिलिमीटर जरी दाबलेलं राहिलं तरी ते भोक झाकलेलं राहतं. मग थोडं ऑइल तापतं, फुगतं, जायला जागा नाही, प्रेशर वाढतं, पॅड डिस्कला जरा जास्त घासतात, त्याने अजून तापतं, अजून फुगतं. सकाळी निघताना काहीच नाही आणि कात्रजला पोचेपर्यंत चारी बाजूंनी धरलेलं.

आणि हे किती खातं त्याचं साधं गणित करून बघा. समजा घासणाऱ्या ब्रेकांनी गाडीला ५०० न्यूटनने मागे ओढलं, म्हणजे साधारण पन्नास किलो वजनाइतका ओढा. ताशी ६० ला तेवढ्यावर मात करायला ८ किलोवॅटच्या वर लागतात, म्हणजे जवळजवळ ११ हॉर्सपॉवर. ७७ पैकी ११ नुसते डिस्क तापवायला, आणि चढावर तिसऱ्यात इंजिन त्या आरपीएमला ७७ कुठे देतं, त्याच्या निम्मेच देत असेल.

दुरुस्तीला पार्ट एकही लागला नाही. ड्रायव्हरच्या सीटवर उलटा आडवा होऊन, डोकं पेडलांमध्ये, पाय मागच्या सीटवर आणि तोंडात टॉर्च अशा अवस्थेत स्विचचा लॉकनट सैल केला, स्विच दोन-तीन फेरे मागे घेतला आणि पेडल टक करून स्वतःच वर आलं. मग रॉडच्या क्लेव्हिसचा (रॉड पेडलला जोडणारा दुफाट्या तुकडा) लॉकनट सोडून रॉड थोडा थोडा आखूड केला, बोटाने पेडल हलवून बघत, जोपर्यंत सुरुवातीचे दोन-तीन मिलिमीटर पेडल अगदी मोकळं हलत नाही तोपर्यंत. होंडात हा फ्री प्ले १ ते ५ मिलिमीटर धरतात. रॉड आखूड करताना पेडलची उंची बघत राहा, फार खाली गेलं तर तेही धोक्याचं. शेवटी स्विच पेडलला टेकेपर्यंत आणून किंचित मागे घ्यायचा आणि मागे एकाला उभं करून ब्रेकलाइट वेळेवर लागतो-विझतो ना ते बघायचं. इंजिन बंद असताना बूस्टरचा व्हॅक्युम पाच-सहा वेळा ब्रेक मारून घालवा आणि मगच फ्री प्ले मोजा, नाहीतर चुकीचं वाचाल.

इतके दिवस तापत राहिल्यामुळे पॅड काचेसारखे चकचकीत झाले होते, ते बदलले, आणि ब्रेक ऑइल काळं पडलेलं, तेही पूर्ण नवं भरलं, कारण उकळून निघालेल्या ऑइलवर ब्रेकचा भरवसा ठेवायचा नसतो. पुढच्या व्हील बेअरिंगचा आवाज ऐकून बघितला, ग्रीस वितळून बेअरिंग जायची भीती असते, पण वाचली. पिकअपपेक्षा भयंकर गोष्ट खरं तर हीच होती की अशा ब्रेकांवर घाट उतरलोय.

ज्याने बसवलं त्याला फोन करून सांगितलं, तर म्हणतो, "साहेब, ब्रेकला तर आम्ही हातच लावला नव्हता." एका अर्थी खरं आहे, ब्रेकला नव्हता लावला, पेडलला लावला होता.

आता बोगद्यापर्यंत तिसऱ्यात जाते, मधे ट्रक आला तरच दुसरा. एक राहिलंय, गिअर केबलचे बुश खाऊन गेलेत, त्यामुळे लिव्हर ढिली लागते आणि पाचवा टाकताना कधी कधी तिसरा मिळतो. झेडएक्सचे नवे बुश वेगळे मिळतात का, की आख्खी केबलच घ्यावी लागते, कोणी हल्ली बदलले असतील तर खाली लिहा.